खानदेशांतील तह आणि कौल (इ. स. १८०२–१८२५)

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें उत्तरेकडे निघालें म्हणजे प्रथम सोनगीरचा किल्ला लागतो, त्यापुढें नरडाणा, आणि मग तापी ओलांडली म्हणजे शिरपूर. तापीच्या त्याच उत्तर तीरावर, शिरपुरापासून फार दूर नाहीं असें, थाळनेर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या थोडक्या टापूंत दोन दौलतींचे अंमल एकमेकांस भिडलेले होते. सोनगीर व लळिंग हे परगणे पेशव्यांनीं विंचूरकरांस दिलेले होते; थाळनेर होळकरांचें होतें. नरडाणा या दोहोंच्या मधल्या वाटेवर पडतो. सेंधव्याचा घाट उतरून दक्षिणेंत येणाऱ्या फौजा या भागांतूनच जात, व परत फिरत त्याहि याच भागांतून. आज या रस्त्यावर मालमोटारी रात्रंदिवस धांवतात आणि तापीच्या खोऱ्यांतील आगगाडी नरडाण्यास थांबते. परंतु सव्वादोनशें वर्षांपूर्वी ज्या कुणब्याचें शेत या वाटेला लागून होतें त्यास रस्त्याची जवळीक ही आपत्तीच वाटली असली पाहिजे.

या मुलुखांत मराठेशाहीच्या शेवटच्या युद्धांची समाप्ति नेमकी केव्हां झाली, हा प्रश्न आम्हीं प्रस्तुत लेखापुरता घेतला आहे. छापील इतिहासांतून याचें उत्तर सोपें मिळतें. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपुरास होळकरांच्या फौजेचा मोड झाला. ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोर येथें माल्कम व तात्या जोग यांनीं तह ठरविला. त्या तहानें अल्पवयी मल्हारराव होळकरांनीं सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख खानदेशासह कंपनीस दिला. येथें प्रकरण संपतें. आमचें म्हणणें असें कीं, मंदसोरच्या कागदानें खानदेशाचा धनी बदलला, लढाई थांबली नाहीं. ती थांबण्यास पुढें सात-आठ वर्षें लागलीं, आणि जेथें जेथें ती थांबली तेथें तेथें ती एखाद्या लहानशा, मोडी अक्षरांत लिहिलेल्या, देण्याघेण्याच्या कागदानें थांबली. जेथें असा कागद नव्हता, किंवा शब्द दिला गेला आणि पाळला गेला नाहीं, तेथें रक्त वाहिलें. 

हें समजण्यास त्या काळचीं युद्धें कोणत्या पैशावर चालत होतीं तें प्रथम पाहिलें पाहिजे. तुकोजी होळकर १८९७ पूर्वी शंभर वर्षें, म्हणजे १७९७ सालीं, वारल्यावर त्यांच्या चार मुलांत जो तंटा लागला त्यांतून यशवंतराव वर आले. त्यांच्यापाशीं शौर्य होतें, पण स्थिर उत्पन्नाचा मुलूख नव्हता. पेंढारी, पठाण व अरब यांची जी प्रचंड फौज त्यांनीं उभी केली तिची तनखा म्हणजे ज्या मुलुखांतून ती जाईल तो मुलूखच होता. शके १७२४ च्या, म्हणजे इ. स. १८०२ च्या, मोहिमेंत ही फौज खानदेशांतून पुण्यावर गेली. २५ आक्टोबर १८०२ रोजीं हडपसरची लढाई झाली, ३१ डिसेंबर रोजीं बाजीरावांनीं वसईस इंग्रजांशीं तह केला, हें सर्वश्रुत आहे. खानदेशांत मागें काय राहिलें तें तितकें सर्वश्रुत नाहीं. पुढील दोन वर्षें जमिनी पडीत राहिल्या. १८०३ चें पीक हातीं आलें नाहीं. आणि १८०४ सालीं दुष्काळानें गांवेंच्या गांवें उठलीं. 

त्याच अवधींत असई (२३ सप्टेंबर १८०३) व अडगांव (२९ नोव्हेंबर १८०३) येथील लढाया झाल्या, देवगांव व सुर्जी-अंजनगांव येथील तह झाले, आणि अखेर २४ डिसेंबर १८०५ रोजीं होळकरांशीं राजघाटाचा तह झाला. यांपैकीं कोणता किल्ला कोणाकडे राहावा यावर मुत्सद्द्यांनीं पुष्कळ डोकें शिणविलें. ज्या फौजा आतां निरुपयोगी झाल्या त्यांच्या चढलेल्या पगाराचें काय, हा प्रश्न मात्र त्यांनीं ज्याच्या त्याच्या सरदारावर सोपविला. सरदारापाशीं रोकड नसे. तो शिपायास एखाद्या गांवावर वरात लिहून देई. वरात घेऊन आलेला अरब किंवा पठाण पाटलाच्या दारीं बसला म्हणजे गांवानें ती रक्कम भरावी, आणि तोच वसूल मामलतदारासहि पुन्हां द्यावा, अशी दुहेरी नड उत्पन्न होई. त्यांत बाजीरावांनीं महाल मक्त्यानें देण्याची पद्धति वाढविली. मक्तेदारास पुढल्या सालीं मक्ता आपणाकडे राहील याची खात्री नसे. मग त्यानें विहीर बांधावी कशाला आणि रयतेस तगाई द्यावी कशाला? लढाईंत जितकीं गांवें जळलीं त्यांहून लढायांच्या मधल्या शांततेंत अधिक ओस पडलीं असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

या अंधारांत एक उदाहरण उजळ आहे, व तें नरडाण्याच्या शेजारचें आहे म्हणून येथें विस्तारानें सांगतों. १८०३ च्या दुष्काळांत धुळें अगदींच उजाड झालें. गांवांत मनुष्य राहिलें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हां वसविलें. या कामगिरीबद्दल विंचूरकरांनीं त्यांस इनाम जमीन व हक्क दिले, पुढें सोनगीर व लळिंग या दोन्ही परगण्यांची संपूर्ण वहिवाट त्यांचेकडे सोंपविली, व त्यांनीं आपलें ठाणें धुळ्यास ठेविलें. १८१८ पर्यंत तें तेथेंच होतें. होळकर-शिंद्यांच्या फौजा भोंवतालीं फिरत असतां, दुष्काळ पुरता सरला नसतां, एका लहान अंमलदारानें ओस गांव वसवावें ही गोष्ट तलवारीच्या पराक्रमाहून कमी नव्हे. ती तो कशी करीत असेल? ओस गांव वसविण्याची त्या काळची रीत ठाऊक असणारास हें सांगावयास नको. परागंदा झालेल्या कुळास कौल पाठवावयाचा. मागील बाकी सोडावयाची. पहिल्या सालीं नांवाचा धारा, दुसऱ्या सालीं थोडा अधिक, असा चढत चढत कांहीं वर्षांनीं पूर्ण धारा घेण्याचा इस्तावा ठरवावयाचा. बीं-बैलांस तगाई द्यावयाची. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे दिलेला कौल तिसऱ्या सालीं नड पडली म्हणून मोडावयाचा नाहीं. शेवटचें कलम पाळणें सर्वांत कठीण. ज्या अंमलदारानें तें पाळलें त्याच्या गांवीं कुळें टिकलीं.

तरीहि मजल किती लहान होती तें पाहावें. १८१९ सालीं धुळ्याची मोजणी झाली ती ४०१ घरें व २,५०९ माणसें एवढीच भरली. याच गांवास पुढें कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें जिल्ह्याचें मुख्य ठाणें केलें, कारण तें मध्यवर्ती होतें व मुंबई-आग्र्याच्या वाटेवर होतें. त्यानें बाहेरून कारागीर व व्यापारी आणून नवी पेठ आंखली. धुळ्याच्या वाढीचें श्रेय ब्रिग्जला दिलें जातें तें योग्यच आहे. परंतु ब्रिग्जला गांव सांपडला तो बाळाजी बळवंतांमुळें, हें विसरणें योग्य नाहीं. (हाच ब्रिग्ज पुढें फेरिस्त्याच्या तवारिखेचा भाषांतरकार म्हणून आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे.)

आतां १८१८ कडे वळूं. मंदसोरच्या तहानंतर सर थॉमस हिस्लॉप दक्षिणेकडे निघाला. तहान्वयें सेंधव्याचा किल्ला त्यास लढाईवांचून मिळाला. २७ फेब्रुवारी रोजीं तो थाळनेरापुढें आला. किल्लेदार तुळशीराम, आंत सुमारें तीनशें लोक, त्यांत अरब बरेच. तहानें किल्ला कंपनीचा झाला आहे, प्रतिकार केल्यास बंडखोर समजण्यांत येईल, असें हिस्लॉपनें कळविलें. किल्ल्यांतून गोळ्या आल्या. तोफांनीं दरवाजे फुटल्यावर किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. पुढें शेवटच्या दरवाज्यांत जें झालें त्यावर त्या काळच्या इंग्रज लेखकांतहि मतभेद आहे. इतकें निश्चित कीं, दिंडींतून कांहीं गोरे अधिकारी आंत शिरले, आंतील लोक कोणत्या अटींवर हत्यारें ठेवतात हें स्पष्ट झालेलें नव्हतें, एकाची भाषा दुसऱ्यास कळत नव्हती, आणि हत्यारास हात घालतांच झटापट झाली. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर पडले, कर्नल मरे जबर जखमी झाला. मग इंग्रजांच्या शिपायांनीं आंतील शिबंदी सरसकट कापून काढली, व किल्लेदारास त्याच दिवशीं फांशीं दिलें. जो मनुष्य स्वाधीन झाला होता त्यास फांशीं देण्याचा अधिकार हिस्लॉपला कोठून आला, हा प्रश्न १८१९ सालीं विलायतेंत पार्लमेंटांत विजयी सेनापतींच्या आभाराचा ठराव आला तेव्हां विचारला गेला, व थाळनेरचें कृत्य त्या आभारांतून वगळून ठेवण्यांत आलें. हिस्लॉपच्या कैफियतीनें आमचें समाधान होत नाहीं. शरणागतीची एक चिठ्ठी, दोन ओळींची कां होईना, दिंडींतून आंत गेली असती तर तीं माणसें वांचलीं असतीं असें आम्हांस वाटतें.

या प्रसंगाच्या सोळाच दिवस आधीं, ११ फेब्रुवारी रोजीं, एल्फिन्स्टननें साताऱ्याहून आपला प्रसिद्ध मराठी जाहीरनामा काढला होता. वतनें, इनामें, वर्षासनें, देवस्थानें चालतील. मक्त्याची पद्धति बंद होईल. बेताचा वसूल घेतला जाईल. बाजीरावाच्या चाकरींतील लोकांनीं दोन महिन्यांत घरीं परतावें. जाहीरनामा पेशव्यांच्या मुलुखापुरता होता, थाळनेर होळकरांचें. कायद्यानें भेद बरोबर असेल. तापीकांठच्या गांवकऱ्यास तो कळला असेल असें दिसत नाहीं. सोनगीरच्या बाजूस अभयपत्र आणि थाळनेरच्या बाजूस फांशीचा दोर, आणि मध्यें एक मजल वाट.

मालेगांवचें प्रकरण याच्या अगदीं उलट आहे. तेथील नारोशंकर राजेबहाद्दरांच्या भुईकोटांत अरबांनीं ठाण मांडलें होतें. किल्ल्याच्या खऱ्या धन्याचें त्यांच्यापुढें कांहीं चालत नव्हतें, कारण पगार चढलेला होता. शके १७४० च्या उन्हाळ्यांत, मे १८१८ च्या मध्यास, कर्नल मॅकडॉवेलनें वेढा घातला. २९ मे रोजीं इंग्रजांनीं हल्ला केला तो फसला. ११ जून रोजीं आंतील दारूचें कोठार उडालें, आणि मग अरबांनीं बोलणें लाविलें. थाळनेरची हकीकत त्यांच्या कानीं असली पाहिजे. तोंडी अभयावर ते विसंबेनात. लिहून मागूं लागले. कर्नलला म्हणावयाचें होतें तें एवढेंच कीं, शरण आल्यास चांगली वागणूक मिळेल. परंतु त्याच्या छावणींतील मुनशीनें जो मराठी कागद लिहिला त्याचे शब्द याहून बरेच सैल व उदार पडले. अरबांच्या हिताचें तें करूं, त्यांच्या पगाराविषयीं लिहूं, असा त्यांतून अर्थ निघूं लागला. मागाहून वाद उत्पन्न झाला. कर्नलच्या मनांत जें होतें तें बंधनकारक, कीं कागदावर जें आलें तें? 

एल्फिन्स्टननें निकाल दिला कीं, कागद घेणारास त्याचा जो अर्थ वाटणें साहजिक होतें तोच धरावा, आणि तोहि त्यास जास्तींत जास्त अनुकूल असा. आमच्या मतें त्या वर्षीं खानदेशांत कंपनीनें जिंकलेल्या सर्व किल्ल्यांहून या निकालाची किंमत अधिक होती. हा मुनशी कोण, त्यानें शब्द अजाणतां सैल लिहिले कीं जाणून, याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ज्यांनीं मोडी कागदांत आयुष्य घालविलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं ‘गौर करूं’ व ‘देऊं’ यांतील अंतर एका कारकुनाच्या लेखणींत असतें.

याच जून महिन्यांतील दुसरी एक गोष्ट येथें जोडतां येते. बाजीराव जूनच्या आरंभीं असीरगडानजीक धूळकोटच्या बाजूस माल्कमच्या स्वाधीन झाले व त्यांस सालीना आठ लाखांची नेमणूक ठरली. उत्तरेकडे कूच चालू असतां त्यांच्याच अरबांनीं चढलेल्या पगारासाठीं त्यांच्या तंबूस गराडा घातला. अरब म्हणत नोकरीस लागल्या दिवसापासूनचा हिशेब करा. बाजीराव म्हणत प्रत्यक्ष हुजुरांत आलां तेव्हांपासूनचा. माल्कमनें मध्यें पडून तोड काढली, नाहीं तर पेशवाईचा शेवट बिठुरास न होता त्या तंबूंत झाला असता. राज्य गेलें होतें, हिशेब राहिला होता. इंग्रजांनीं तरी यास हंसण्याचें कारण नव्हतें. दख्खनच्या लुटीच्या वांटणीवरून हिस्लॉपची फौज व गव्हर्नर-जनरलची फौज यांच्यांत जो वाद लागला तो विलायतेंत वर्षानुवर्षें घोळत राहिला.

राहिला भिल्लांचा प्रश्न, आणि तोच सर्वांत जुना व सर्वांत कठीण. १८०२ पूर्वी खानदेशांतील भिल्ल गांवोगांवीं जागलकी करीत, घाटांची रखवाली करीत, व त्याबद्दल त्यांस ठरलेले हक्क मिळत. गांवें ओस पडलीं तेव्हां रखवालीचें धान्य देणारा कोणी उरला नाहीं. ते सातपुड्यांत व सातमाळ्यांत गेले आणि पूर्वी ज्या वाटा राखीत त्याच लुटूं लागले. यांत त्यांच्या जातिस्वभावाचें कारण शोधणारे लेखक आम्हांस मान्य नाहींत. बंद झालेल्या हक्काची ती वसुली होती, जशी अरबाची वरात. पेशव्यांच्या सरसुभेदारानें, बाळाजी लक्ष्मणानें, यावर जो उपाय केला तो लिहावयास लेखणी कचरते. समेट करतों म्हणून भिल्लांच्या मोठ्या जमावास कोपरगांवीं बोलाविलें, विश्वासानें आलेल्यांस धरलें, आणि बहुतेकांस दोन विहिरींत टाकून मारलें. मराठ्यांच्या अंमलाचे अभिमानी म्हणून ही हकीकत झांकून ठेवण्याकडे आमच्यांतील कांहींचा कल असतो. परंतु ती झांकली तर पुढील वीस वर्षांचा उलगडाच होत नाहीं. कोपरगांवानंतर कोणत्याहि सरकारच्या बोलावण्यावर कोणता नाईक डोंगर उतरून येणार?

ब्रिग्जनें आरंभीं दोन्ही उपाय एकत्र केले. ठाणीं बसवून पाठलाग केला, आणि जे नाईक येतील त्यांस नेमणुका व घाटांची रखवाली परत देण्याचें ठरविलें. चिल नाईक धरला गेला व फांशीं गेला. नेमणुका कांहींनीं घेतल्या, कांहींनीं घेऊन सोडल्या. एक नाईक येई तों दुसरा उठे. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतां १८२५ सालीं धोरण बदललें. मागील गुन्ह्यांस माफी, भिल्लांच्या वस्तीसाठीं जमिनी, बैल-बियाण्यास तगाई, व तीन एजन्स्या असा बेत ठरला. दक्षिणेकडील एजन्सी कन्नड येथें ओव्हान्सकडे होती. त्याच सालीं जेम्स औट्रम यानें भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला व तिचें ठाणें धरणगांवीं केलें. पहिल्यानें मोजकींच माणसें आलीं. औट्रम त्यांच्याबरोबर शिकारीस हिंडला, त्यांच्यांत निजला, असें त्याचे चरित्रकार मोठ्या कौतुकानें सांगतात. त्याचें धैर्य आम्ही नाकारीत नाहीं. तथापि पलटण टिकली ती पगार दरमहा हातीं पडूं लागला म्हणून. कौल, इस्तावा, तगाई, नेमणूक हे जे उपाय १८२५ सालीं नवीन म्हणून गाजले ते बाळाजी बळवंतांसारख्या कमाविसदारांच्या दप्तरांत वीस वर्षांपूर्वीचेच होते. नवीन एवढेंच कीं ते आतां भिल्लास लागू झाले, आणि देणारा टिकाऊ होता.

पुरता टिकाऊ होता असेंहि नव्हे. सेंधव्याच्या घाटाची रखवाली करणारा खाज्या नाईक पुढें कंपनीच्या कैदेंत पडला, सुटला, आणि १८५७ च्या नोव्हेंबरांत त्याच घाटांत त्यानें सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्यें आंबापाणीची लढाई झाली. त्या प्रकरणाचा विचार स्वतंत्र लेखांत करणें बरें.

आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति करून हा लेख आटोपतों. जुन्या देशमुख-पाटलांच्या घरीं गेलें म्हणजे शिक्क्याची सनद रेशमी बासनांतून निघते, आणि तिच्या खालीं दाबलेले कौल, वराती, तगाईच्या याद्या व पगाराच्या झडत्या ‘यांत कांहीं नाहीं’ म्हणून बाजूस सारल्या जातात. हा अनुभव आम्हांस एकदां नव्हे, अनेकदां आला आहे. आम्ही स्वतःहि तरुणपणीं असे रुमाल न सोडतां परत केले आहेत. सोनगीर, लळिंग, थाळनेर, बेटावद व शिरपूर या बाजूचे शके १७२४ ते १७४७ पर्यंतचे कौल व वराती ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला, शेवटची ओळ व मोर्तब न गाळतां, मंडळाकडे पाठवाव्या. विशेषतः कौलाच्या पाठीवर पुढील सालीं घेतलेल्या वसुलाची नोंद असल्यास तीहि उतरून घ्यावी; कौल पाळला गेला कीं नाहीं हें त्या नोंदीवरूनच कळतें.